आमचे दीर तेवढे काढून टाक

शेजारच्या काकू परवा दुपारी चारच्या सुमाराला आल्या. चहाच्या वेळी त्या सहसा कुणाकडे जात नाहीत, त्यामुळे काहीतरी काम असणार हे दारातच कळलं. हातात कापडी पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली व्हीएचएस कॅसेट, आणि कॅसेटवर निळ्या शाईत, शाळामास्तरांच्या वळणदार अक्षरात लेकीचं नाव आणि लग्नाची तारीख. अक्षर काकांचं. काकांना जाऊन दोन वर्षं झाली. लेकीच्या लग्नाला आता पंचवीस वर्षं होतायत, घरच्या घरी कार्यक्रम आहे, जावयाकडची माणसं येणार आहेत, तेव्हा पडद्यावर दहा मिनिटं दाखवता येईल असं त्या कॅसेटमधून काहीतरी करून हवं होतं. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडवलं, पुन्हा गुंडाळलं आणि म्हणाल्या, "आमचे दीर तेवढे त्यातून काढून टाक."

तांदूळ निवडताना खडा काढावा तितक्या साधेपणानं म्हणाल्या. मी काही विचारलं नाही, कारण विचारायची गरज नव्हती. वाड्याचा व्यवहार, बिल्डरचा करारनामा, मग वकील, मग तारखा, हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. काका गेले तेव्हा धाकटा भाऊ आला नाही, की आला होता पण जिन्यातूनच परत पाठवला, याबद्दल मात्र दोन मतं आहेत. मी नुसतं "बघते काकू" म्हटलं. त्या उठताना माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझा तो कोर्स झालाय ना गं, म्हणून तुझ्याकडे आले. दुकानात द्यायचं म्हणजे चार लोकांनी बघायचं."

त्या गेल्यावर कॅसेट बराच वेळ टेबलावर तशीच पडून होती. काम अवघड नव्हतं. तीस-एक वर्षं मी हेच करते आहे, कुणाला तरी काढून टाकते, कुणाला तरी पुढे आणते. "तुझा तो कोर्स झालाय ना" हे वाक्य मात्र डोक्यातून जाईना.

तो कोर्स म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला संकलनाचा. मिरजेहून बीएस्सी करून मी इथं आले तेव्हा घरात कुणालाच नीटसं कळलं नव्हतं की पदवीनंतर तीन वर्षं नेमकं काय शिकायचंय. बाबांनी माहितीपत्रक दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे दुसऱ्यानं काढलेला सिनेमा तू कापणार?" आईला कळलं. ती घरी शिवणकाम करायची. ब्लाउज बेतताना पडलेल्या कातरणी ती कधी केरात टाकत नसे. रंगांप्रमाणे गाठोडी बांधून पलंगाखाली ठेवायची, त्यातून गोधड्या व्हायच्या, कुणाचा ब्लाउज उसवला की त्याच कापडाची पट्टी त्या गाठोड्यातून निघायची. ती म्हणाली, "जाऊ दे तिला. कापायला नजर लागते." आईनं माझ्या शिक्षणावर केलेलं हे एकच विधान.

पहिल्या दिवशी लॉ कॉलेज रोडच्या त्या फाटकातून आत गेले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता आणि मागच्या टेकडीवरून मोर ओरडत होता. आंब्याच्या त्या प्रसिद्ध झाडाखाली दोघं-तिघं सीनियर बिड्या ओढत बसले होते. प्रभातचं जुनं शूटिंग स्टेज तेव्हा मला फक्त एक मोठं, उंच, अंधारं गोदाम वाटलं. आत पाऊल टाकल्यावर लाकडाचा, रंगाचा आणि धुळीचा एक गार वास आला आणि कुणीतरी सांगितलं, ‘संत तुकाराम’ याच आवारात झाला. 1936 सालचा. मिरजेच्या घरी आजी ज्याच्याबद्दल देवळाबद्दल बोलावं तसं बोलायची, तो सिनेमा या चुन्याच्या भिंतींच्या आत, दिवे-केबली-शिड्या यांच्यामधून उभा राहिला होता. त्याचे दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल इथूनच ये-जा करत असणार. मी त्या स्टेजच्या जमिनीवर चप्पल काढून उभी राहिले होते. कुणी बघितलं नाही.

पहिलं वर्ष सगळ्यांना सगळंच शिकावं लागे. दिग्दर्शनवाल्यानं माइक धरायचा, ध्वनिवाल्यानं कॅमेऱ्यात रीळ भरायचं. त्यानंतर वाटा फुटायच्या आणि माझी वाट एका लांबट, बारीकशा, खिडक्या काळ्या केलेल्या खोलीत जायची. तिथं स्टीनबेक असायचं. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, ते एक मोठं टेबल असतं, त्यावर जेवणाच्या ताटांसारख्या आडव्या थाळ्या, एका जोडीवर चित्राचं रीळ, दुसऱ्या जोडीवर आवाजाची चुंबकीय फीत, आणि मधे वहीएवढा पडदा. दांडा पुढे सरकवला की थाळ्या फिरतात, मोटरची एक बारीक गुणगुण सुरू होते आणि चित्र चालू लागतं. दांडा सोडला की माणूस हात उचललेल्या अवस्थेत थांबतो. मग पिवळ्या ग्रीस पेन्सिलनं फ्रेमवर खूण करायची, फिल्म बाहेर ओढायची, स्प्लायसरच्या, म्हणजे कापायच्या-जोडायच्या यंत्राच्या दातांवर बसवायची आणि पातं खाली आणायचं. कट्ट. तो आवाज आजही माझ्या उजव्या मनगटात आहे. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात सोळा फ्रेम, सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे दीड फूट फिल्म सरकली की आयुष्यातला एक सेकंद गेला. वेळ हातानं मोजता येतो, खांद्यावर टाकता येतो, हे मला त्या खोलीत कळलं. हातात पांढरे सुती मोजे असायचे, दुपारपर्यंत त्यांची बोटं करडी व्हायची.

आणि टेबलाशेजारी बिन. लोखंडी चौकट, तिच्या वरच्या दांडीवर टोकदार खिळ्यांची रांग, खाली कापडी झोळी. कापलेला प्रत्येक तुकडा, म्हणजे ट्रिम, त्याच्या कडेच्या छिद्रातून खिळ्यात अडकवायचा. वर शॉटची चिठ्ठी. लांब तुकडे झोळीत लोंबत, दिवा लावला की वाऱ्यावर हलणाऱ्या वेण्यांसारखे दिसत. इथं पहिला नियम शिकवला तो हा की काढलेलं टाकायचं नाही. दोन फ्रेमचा तुकडा असला तरी नाही. फिल्मच्या कडेला साधारण फुटाफुटाला एक नंबर छापलेला असतो, त्यावरून तुकडा कुठला ते ओळखता येतं. पण सोळा फ्रेमला एक नंबर, म्हणजे सहा फ्रेमच्या तुकड्यावर बहुतेकदा नंबरच नसतो. तो नुसत्या नजरेनंच ओळखावा लागतो.

सहा फ्रेम म्हणते, कारण तेवढ्याच मी एकदा हरवल्या होत्या. एका बॅचमेटच्या डायलॉग एक्सरसाइजवर काम चालू होतं. बाई टेबलाशी बसलेली, समोरचा माणूस काहीतरी सांगतो, ती मान वर करून उत्तर देते. मला वाटलं उत्तर उशिरा येतंय, म्हणून मी तिच्या वाक्याआधीच्या सहा फ्रेम काढल्या. पाव सेकंद. सीन चटपटीत झाला, मी खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाला, "ती खोटं बोलत्येय असं वाटतंय आता. आधी वाटत नव्हतं." तुकडा परत लावायला गेले तर खिळ्यावर नाही. झोळीत नाही. आम्ही दोघांनी संध्याकाळपर्यंत जमीन हातांनी चाचपडली, मग मी एकटीच रात्रभर. पहाटे हॉस्टेलवर स्वेटर काढताना कोपराच्या मागे लोकरीला चिकटलेला तो तुकडा सापडला. सकाळी सरांना दिला. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी तो मऊ कापडानं पुसला, खिडकीवरचा काळा ताव जरासा बाजूला करून उजेडात धरला, भिंगातून पाहिला आणि माझ्या हातात परत देत एवढंच म्हणाले, "तिनं इथं श्वास घेतलाय."

मी ते सहा चौकोन मग स्वतः भिंगाखाली पाहिले. खरंच, गळ्याशी खळगा पडत गेला होता.

संकलनाचा वर्ग म्हटलं की कुलेशोव्ह येतोच, आम्हालाही आला. मॉस्कोत क्रांतीनंतर कोरी फिल्म मिळेना तेव्हा लेव्ह कुलेशोव्ह आणि त्याचे विद्यार्थी जुन्याच चित्रपटांचे तुकडे उलटसुलट जोडून बघत बसले. मोझुखिन नावाच्या नटाचा एकच चेहरा, त्यापुढे कधी सुपाची थाळी, कधी शवपेटी, कधी बाई. चेहरा तोच, पण प्रेक्षकांना त्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख, कधी वासना. तो मूळ तुकडा आज उरलेला नाही, गोष्ट उरली आहे. वर्गात ऐकताना ती जादूसारखी वाटते. पण तिची दुसरी बाजू मला कळायला पुष्कळ दिवस लागले. शेजारी काय ठेवलं यावर चेहऱ्याचा अर्थ ठरत असेल, तर शेजारून काय काढलं यावरही तो ठरणारच. आम्हा सगळ्यांना एकदा एकच रशेस, म्हणजे शूटिंगचे न कापलेले तुकडे, दिले होते, एसटी स्टँडवर बसलेली एक म्हातारी, येणाऱ्या-जाणाऱ्या बस, एक पोरगा, एक पिशवी. प्रत्येकाचा सिनेमा निराळा झाला. एकाची म्हातारी मुलाची वाट बघत होती, एकीची घर सोडून निघाली होती. माझ्या म्हातारीची बस चुकली होती. सरांनी सगळे लागोपाठ दाखवले आणि मग प्रत्येकाला विचारलं, "तू काय काढलंस ते सांग." काय ठेवलं, ते नाही विचारलं. मला माझंच उत्तर देता येईना. मी तो पोरगा काढला होता, पण म्हातारी अधूनमधून त्याच्याकडे बघत होती ते मला काढता आलं नव्हतं. ती चारदा रिकाम्या जागेकडे बघून हसत होती. माझ्या सिनेमात ती वेडी वाटत होती.

या खोल्यांमध्ये माझ्या आधी बसलेल्या बायकांचा विचार माझ्या मनात नेहमी असायचा. रेणू सलुजा याच संस्थेतून 1976 मध्ये संकलन शिकून बाहेर पडल्या आणि ‘परिंदा’पासून ‘गॉडमदर’पर्यंत चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार घेतला. सगळे कॅमेऱ्यामागच्या पुरुषांची नावं घ्यायचे, मी त्यांचं घ्यायची. आणि त्यांच्याही फार मागे, दादरच्या घरात, सरस्वतीबाई फाळके. दिवसा त्या सगळ्या युनिटचा स्वयंपाक करायच्या आणि रात्री, पोरं निजल्यावर, अंधारात बसून कोऱ्या फिल्मला कडेची छिद्रं पाडायच्या. अंधारातच, कारण उजेड लागला तर फिल्म वाया. ज्या छिद्रात मी ट्रिम अडकवायची, ती छिद्रं या देशात सिनेमाच्या सुरुवातीला एका बाईनं पाडली, हे मला कुठल्याही तासाला सांगितलं नव्हतं. नंतर स्वतः वाचलं, आणि त्या दिवशी आईला पत्र लिहिलं.

टेलिव्हिजनचा विभाग त्याच आवारात, पण हवा वेगळी. 1974 पासून टीव्हीचं शिक्षणही इथंच होतं. आम्ही फिल्मवाले तिकडे जरा तुसडेपणानं बघायचो, ते चुकीचं होतं आणि मला एका दिवसात कळलं. तीन कॅमेऱ्यांचा स्टुडिओ, वर काचेमागे पॅनल, समोर तीन मॉनिटर, कानात टॉकबॅक, खालच्या कॅमेरावाल्यांशी बोलायला. खाली एक मुलगी ठुमरी गात होती आणि वर मला बटणं दाबायची होती. टू, स्टँड बाय. टेक टू. बटण दाबलं की झालं. मागे घेणं नाही, खिळ्यावर अडकवणं नाही. जो कॅमेरा मी घेतला नाही त्यात तिनं त्या क्षणी डोळे मिटले, ते फक्त मला दिसलं, टेपवर तबलजीची बोटं गेली. कार्यक्रम संपल्यावर सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला रडू येत होतं. त्या एका तासात जितकी घाबरले तितकी डिप्लोमा फिल्मच्या वेळीही घाबरले नाही. तिकडचे लोक हे रोज करत होते. निवड आत्ता करायची, आणि जे गेलं ते गेलं म्हणून पुढच्या शॉटकडे बघायचं, ही हिंमत फिल्मवाल्याकडे नसते. मोजमापही निराळं. सिनेमा सेकंदाला चोवीस, आपला टीव्ही पंचवीस. दोन तासांचा सिनेमा तसाच टीव्हीवर चालवला की जवळपास पाच मिनिटं आधी संपतो, एकही फ्रेम न कापता. संध्याकाळभर आम्ही यावरच वाद घालत बसलो होतो, ती पाच मिनिटं नेमकी जातात कुठं.

रात्री थिएटरमध्ये संग्रहालयातून आलेल्या प्रिंट बघायच्या. कधी रीळ मधेच तुटलेलं असे, कधी आधीच्या कुणी जोडताना दोन-चार फ्रेम खाल्लेल्या असत, माणूस दारातून निघे तो एकदम खुर्चीत. जुन्या डब्याचं झाकण उघडलं की व्हिनेगरसारखा आंबट वास यायचा, फिल्म सडायला लागल्याचा. ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला तेव्हा सांगितलं, पूर्ण उरलेला नाही, काही भागच आहे. चांदी काढण्यासाठी लोकांनी रिळंच्या रिळं वितळवली त्या काळी. प्रकाश पडला, दत्तात्रय दाबके भाता घेऊन उभे, साळुंके तारामती झालेले, आणि मग अचानक पुढचंच काहीतरी. मधलं गेलेलं. कुणी कापून नाही, नुसतं न सांभाळल्यामुळे. त्या रात्री टेकडीच्या बाजूनं हॉस्टेलवर जाताना आमच्यात कुणी फारसं बोललं नाही.

मला आता कधीमधी मुलं विचारतात, की सगळं तर मोबाइलवर शिकता येतं, मग पदवीनंतर आणखी तीन वर्षं कशाला घालवायची? सॉफ्टवेअर शिकायला खरंच पंधरा दिवस पुरतात. मी स्वतः स्टीनबेकवरून संगणकावर आले तेव्हा आठवडाभरात हात बसला. पण बारा फ्रेम ठेवायच्या की नाहीत यावर रात्री दोन वाजता आठ-दहा जणांनी अटीतटीनं भांडावं, त्यातलं कुणी त्यातून एक पैसा कमावत नसावं, आणि सकाळी त्यातल्या एकानं येऊन "तुझं बरोबर होतं" म्हणावं, ते मिळायला अशी एखादी जागा लागते. नंतर गोरेगावच्या एका स्टुडिओत मालिका कापताना मला रोज बावीस मिनिटं द्यावी लागत. तिथं कुणी श्वास मोजत नव्हतं, आणि त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही, रात्री साडेआठला एपिसोड जायचा असायचा. पण दर वेळी संवादाआधीची जागा खाताना मनगटात कट्ट व्हायचं. प्रोजेक्टमध्ये मी ‘ट्रिम्स’ नावाचं एक फोल्डर ठेवते. माझा असिस्टंट म्हणतो, मॅडम, मूळ फुटेज आहेच की, वेगळं कशाला? त्याचं म्हणणं खरं आहे. मी तरी ठेवते.

तर काकूंची कॅसेट. फितीवर बुरशीचा पांढरा पापुद्रा होता, तो आधी साफ केला. जुना व्हीसीआर एका ओळखीच्यांकडून आणला. टेप संगणकात घ्यायची तर जेवढी लांब तेवढाच वेळ बसावं लागतं, तीन तासांची टेप, तीन तास. मी दुसरं काही काम न करता बघत बसले. खालच्या कोपऱ्यात पिवळी तारीख, हॅलोजनच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक, दिवा धरणाऱ्या पोऱ्याची सावली सारखी मधे. व्हिडिओवाल्यानं नवरा-नवरीच्या मधे पानाच्या आकाराचे बदाम उघडून-मिटून घेतलेले. रुखवत, सीमांतपूजन, मुंडावळ्या, अंतरपाट. आणि दीर. ते सगळीकडे होते. वऱ्हाडाला गुलाबपाणी शिंपडताना, भटजींना पळी शोधून देताना, पंगतीत व्याह्यांच्या पानात जबरदस्तीनं जिलबी घालताना. बारीक चणीचा, भराभर चालणारा, सोवळ्याच्या वर हातात घड्याळ घातलेला माणूस. नुसतं त्यांना फ्रेमबाहेर ठेवायचं म्हटलं तरी निम्मं लग्न जात होतं. तेही चाललं असतं, दहाच मिनिटं तर हवी होती.

अडलं ते मंगलाष्टकांशी. तिसरं मंगलाष्टक दिरांनी स्वतः रचलेलं होतं आणि तेच म्हणत होते. कॅमेरा त्या वेळी त्यांच्यावर नव्हताच, नवरीवर होता. म्हणजे चित्रात दीर नाहीत, आवाजात आहेत. शार्दूलविक्रीडितात, जरा चिरक्या आवाजात, त्यांनी पुतणीचं लहानपण आणलं होतं, अंगणातला प्राजक्त, परकर, शाळेची पाटी, आणि तिचं घरातलं लाडाचं नाव. ते नाव आलं आणि अंतरपाटाआडची नवरी हसता हसता रडायला लागली. फार सुंदर चाळीस सेकंद आहेत ते. मी आवाज बंद केला आणि सनई लावली. तर नवरी नुसतीच रडत होती. मनाविरुद्ध बोहल्यावर उभी केल्यासारखी. दुसऱ्या काकूंनी म्हटलेलं मंगलाष्टक लावून पाहिलं, त्यात तिच्या ओठांच्या कडेचं हसू विनाकारण वाटायला लागलं. अर्धा दिवस मी तिथं घालवला. शेवटी ते चाळीस सेकंदच काढले. दिरांना काढायचं तर लेकीचे अश्रूही काढावे लागले.

आणखी एक शॉट होता. पंगत चाललेली, काका खांबाला टेकून, उपरणं खांद्यावर, डावीकडे फ्रेमबाहेर कुणाकडे तरी बघतायत आणि हसतायत. आम्ही काकांना बावीस वर्षं शेजारी पाहिलं, ते असे हसलेले मी पाहिले नाहीत. तोंड उघडून, डोळे मिटून, पोटावर हात ठेवून. तीन तासांच्या टेपमध्ये हे हसू एकदाच, चार सेकंद आणि अकरा फ्रेम. त्याच्या पुढचा शॉट दिरांचा, जिलबीचं ताट घेऊन व्याह्यांच्या मागे धावताना. तो मी काढला. काकांचा ठेवला. त्यापुढे रांगोळीचा शॉट जोडला. काका रांगोळीकडे बघून पोट धरून हसत होते. मला दिसत होतं ते चूक आहे, एसटी स्टँडवरची म्हातारी दिसत होती. पण ते हसू काढायला हात उचलेना.

रविवारी काकू बघायला आल्या. चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली. नऊ मिनिटांचं झालं होतं. रुखवताशी त्या खुलल्या, स्वतःला शालूत बघून "किती बारीक होते" म्हणाल्या. मंगलाष्टकांपाशी त्यांच्या भुवया जराशा जवळ आल्या, काहीतरी राहिलंय असं वाटल्यासारख्या, पण बोलल्या नाहीत. मग काकांचा शॉट आला आणि रांगोळीवर गेला.

"थांब. मागे घे."

मी घेतलं. काका हसले.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा दाखवल्यावर मी त्यांच्या सांगण्याची वाट न बघता काकांच्या मिटलेल्या डोळ्यांवर चित्र थांबवलं. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. काकू पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांचं बोट हळूहळू पडद्याच्या डाव्या कडेकडे गेलं, काका जिकडे बघत होते तिकडे, काचेच्या बाहेर, भिंतीपर्यंत.

"ते जे काढलंस," काकू म्हणाल्या, "ते टाकून दिलंस का गं?"

"नाही काकू. आमच्यात टाकत नाहीत."

त्यांनी मान हलवली. चष्मा काढून घरात ठेवला, घराचं झाकण दोनदा लावून पाहिलं. पेनड्राइव्ह मी टेबलावर काढून ठेवला होता, त्याला हात लावला नाही. "राहू दे मग अजून तुझ्याकडेच," म्हणाल्या, आणि कुकर लावायचाय म्हणून उठल्या.